लक्झेंबर्गी नामाचा अर्थ आणि उगम शोधताना: एलओडी आणि जुन्या कोशांचं परीक्षण

एखाद्या लक्झेंबर्गी नामाचा अर्थ, लिंग किंवा उच्चार हवा असेल तर एलओडी डॉट एलयू हा कोश उघडा, काम होईल. त्याच नामाचा उगम हवा असेल तर मात्र एलओडी पुरत नाही, कारण त्यात व्युत्पत्तीचा रकानाच नाही. मग जुन्या कोशांकडे वळावं लागतं. ते कोशही आज ऑनलाइन आणि फुकट आहेत, पण ते कसे वाचायचे हे ठाऊक नसेल तर चुकीच्या मुळावर बोट ठेवलं जातं. म्हणून इथे एकच नाम घेऊन ही सगळी साखळी तपासली आहे: ग्रोम्पर, म्हणजे बटाटा. रोमन लिपीत जी, आर, ओ, एम, पी, ई, आर.

एलओडी म्हणजे ‘लेत्सेबुयेर्गर ऑनलाइन डिक्सिओनेर’. तो 2007 पासून ऑनलाइन आहे. 20 जुलै 2018 च्या कायद्याने लक्झेंबर्गी भाषेसाठी एक सरकारी केंद्र स्थापन झालं, आणि आता कोशाची जबाबदारी त्या केंद्राकडे आहे. कोशात 30,000 पेक्षा जास्त नोंदी आहेत. नोंदणी करावी लागत नाही, पैसे लागत नाहीत, फोनसाठी ॲपही आहे.

ग्रोम्परची नोंद उघडली की सुरुवातीलाच शब्दाची जात, लिंग आणि अनेकवचन दिसतं: नाम, स्त्रीलिंगी, अनेकवचन ग्रोम्परन. मराठीसारखीच लक्झेंबर्गीतही तीन लिंगं आहेत, म्हणून मराठी वाचकाला या खुणेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इथे अडचण अशी की निश्चित उपपद लिंग लपवतं. स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आणि अनेकवचनी नामापुढे एकच छोटं ‘द’ येतं, म्हणजे डी आणि त्याला चिकटलेलं अवतरणचिन्ह. वाक्यात ‘द’ग्रोम्पर’ वाचून शब्द स्त्रीलिंगी की नपुंसक ते कळत नाही. अनिश्चित उपपद लावून पाहिलं तर कळतं: स्त्रीलिंगी नामाला ‘एंग’, बाकी दोघांना ‘एन’. चतुर्थीतही फरक दिसतो: स्त्रीलिंगीला ‘देर’, नपुंसकाला ‘देम’. ज्याला नुसतं वाचायचं आहे त्याला हे कदाचित लागणार नाही, पण जो लिहितो किंवा बोलतो त्याने नोंदीतली ही खूण पाहिल्याशिवाय शब्द वापरू नये.

पुढे जर्मन, फ्रेंच, इंग्रजी आणि पोर्तुगीज अशा चार भाषांतले प्रतिशब्द येतात. लक्झेंबर्गमध्ये पोर्तुगीज भाषक मोठ्या संख्येने राहतात, म्हणून पोर्तुगीजला ही जागा मिळाली आहे. ग्रोम्परसमोर पोर्तुगीज प्रतिशब्द आहे ‘बटाटा’, अगदी आपलाच. मराठीतला बटाटा पोर्तुगीजांकडूनच आला, त्यामुळे मराठी माणसाला त्या नोंदीत एक ओळखीचा चेहरा भेटतो. शोध या पाचांपैकी कोणत्याही भाषेतून घेता येतो.

चार भाषांतरांचा खरा उपयोग अनेकार्थी नामांत दिसतो. ‘श्लास’ घ्या. त्याचा अर्थ किल्ला किंवा राजवाडा, आणि कुलूपही. जर्मन प्रतिशब्द पाहिला तर काहीच उलगडत नाही, कारण जर्मन ‘श्लोस’लाही हेच दोन्ही अर्थ आहेत. फ्रेंचमध्ये मात्र एका अर्थाला ‘शातो’ आणि दुसऱ्याला ‘सेर्युर’ असे वेगळे शब्द आहेत, पोर्तुगीजमध्येही तसंच. नियम असा धरावा: अर्थ ओळखायला फ्रेंच, इंग्रजी किंवा पोर्तुगीज रकाना आधी पाहावा आणि जर्मन शेवटी. ज्याला जर्मन येतं तो नेमकं उलटं करतो आणि फसतो. हे दोन अर्थ मुळात एकच आहेत: ‘बंद करणे’ या क्रियापदापासून आधी कुलूप, मग बंदिस्त, तटबंदीची जागा. पण हा धागा एलओडीत नाही, तो जर्मन व्युत्पत्तिकोशांत सापडतो.

प्रत्येक अर्थाखाली उदाहरणवाक्यं असतात आणि ती चांगली आहेत: रोजच्या बोलण्यातली, छोटी, व्याकरणाने नेटकी. त्यांची भाषांतरं मात्र नसतात. नवशिक्याला हे जड जातं. उपाय एवढाच की वाक्यातला प्रत्येक शब्द पुन्हा एलओडीत शोधायचा. चालवलेलं रूप किंवा अनेकवचन टाकलं तरी कोश मूळ नोंदीपर्यंत नेतो, त्यामुळे हे काम वाटतं तितकं किचकट नाही. उच्चाराची ध्वनिफीत आहे आणि ती ऐकावीच. शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘ईआर’ लक्झेंबर्गीत ‘अर’ असा खणखणीत वाजत नाही, तो जवळजवळ ‘आ’कडे झुकतो. देवनागरीत आपण ग्रोम्पर लिहितो, कानाला ‘ग्रोम्पा’ ऐकू येतं.

आता जोडशब्द. ग्रोम्परची खरी श्रीमंती तिथेच आहे आणि शोध घेणाऱ्याची सर्वात जास्त गडबडही तिथेच होते. बटाट्याच्या सॅलडला ‘ग्रोम्परेनत्सालोट’ म्हणतात, बटाट्याच्या सूपला ‘ग्रोम्परेनत्सोप’. पण कुस्करलेल्या बटाट्याला ‘ग्रोम्परेप्युरे’, आणि किसलेल्या बटाट्यात कांदा, पार्सली, अंडं आणि थोडं पीठ घालून तेलात तळलेल्या चपट्या वड्यांना ‘ग्रोम्परेकीशेल्शर’. पहिल्या दोन शब्दांत ‘न’ आहे, पुढच्या दोनांत गायब. ही छपाईची चूक नाही. लक्झेंबर्गीत शब्दाच्या किंवा जोडशब्दातल्या पहिल्या पदाच्या शेवटी येणारा ‘न’ पुढे स्वर किंवा एन, डी, टी, झेड, एच यांपैकी अक्षर आलं तरच टिकतो, बाकी व्यंजनांपुढे गळतो. सालोट आणि सोप हे शब्द लक्झेंबर्गीत झेडने सुरू होतात आणि त्याचा उच्चार ‘त्स’ होतो, म्हणून तिथे ‘न’ राहिला. पी आणि के यांच्यापुढे तो पडला. भाषाशास्त्रात याला आयफेलचा नियम म्हणतात. हाच नियम दोन वेगळ्या शब्दांमध्येही लागतो: ‘ग्रोम्परन’ हे अनेकवचन वाक्यात पुढच्या शब्दाप्रमाणे ‘ग्रोम्परे’ होऊन येतं. कोशात ‘न’वालं रूप दिलेलं असतं आणि छापील मजकुरात ‘न’शिवायचं दिसतं, तेव्हा गोंधळू नये. स्वतः जोडशब्द बनवून शोधत असाल तर दुसऱ्या पदाचं पहिलं अक्षर पाहा आणि मगच ‘न’ टाका.

ग्रोम्परेकीशेल्शर हे अनेकवचन आहे. एकवचनात शेवटी ‘शन’ येतं: ग्रोम्परेकीशेल्शन. ‘कुख’ म्हणजे केक, त्याचं लघुरूप ‘कीशेल्शन’, अनेकवचन ‘कीशेल्शर’. जत्रेतल्या पाटीवर बहुधा अनेकवचन लिहिलेलं असतं. लक्झेंबर्ग शहरातली शुएबरफोअर ही जत्रा 1340 साली सुरू झाली आणि तिथे हा पदार्थ हमखास मिळतो, सोबत बहुतेक वेळा सफरचंदाची मऊसर गोड चटणी. गोष्ट लहान आहे, पण पदार्थाचं नाव शोधणारे बरेचजण अनेकवचनालाच मूळ शब्द समजतात.

इथपर्यंत एलओडीला पूर्ण गुण. यापुढे तो गप्प होतो. ग्रोम्पर हा शब्द आला कुठून, तो जर्मन ‘कार्टोफेल’सारखा का नाही, फ्रेंच ‘पोम द तेर’शी त्याचा काही संबंध आहे का, यावर नोंदीत एक ओळही नाही. हा कोश वापरासाठी बनवला आहे, त्यामुळे त्याला चूक म्हणता येणार नाही. तरीही तीस हजारांवर नोंदी, ध्वनिफिती आणि चार भाषा असलेल्या राष्ट्रीय कोशात एका ओळीची व्युत्पत्ती असायला हवी होती असं आमचं स्पष्ट मत आहे. निदान जुन्या कोशातल्या त्याच शब्दाकडे नेणारा एक दुवा तरी.

जुने कोश तीन. सर्वात आधीचा जाँ-फ्रांस्वा गांगलर यांचा, 1847 चा. त्याच्या पूर्ण नावातच लिहिलं आहे की ही लक्झेंबर्ग शहरात आणि आसपास बोलली जाणारी बोली आहे, जर्मन आणि फ्रेंच भाषांतरासह. म्हणजे उत्तरेकडच्या किंवा मोझेलकाठच्या रूपांची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. दुसरा 1906 चा एका खंडातला ‘वोर्टरबुख देर लुक्सेमबुर्गिशन मुंडार्ट’. तिसरा आणि सर्वात मोठा ‘लुक्सेमबुर्गर वोर्टरबुख’, पाच खंडांचा, 1950 ते 1977 या काळात छापलेला. तिन्ही कोश जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाच्या कोशजालावर उपलब्ध आहेत. तिथे त्यांची संक्षिप्त नावं अनुक्रमे एलएलयू, डब्ल्यूएलएम आणि एलडब्ल्यूबी. एका वेळी एकच कोश न उघडता हे तिन्ही, आणि सोबत ऱ्हाइनलँड आणि फाल्झ या जर्मनीतल्या शेजारच्या प्रदेशांच्या बोलींचे कोश, असे एकत्र पाहावेत. ऱ्हाइनलँडचा कोश नऊ खंडांचा, फाल्झचा सहा. लक्झेंबर्गी ही मोझेल फ्रँकोनियन बोलींच्या कुटुंबातली, राजकीय सरहद्द तिथे भाषेची सरहद्द नाही. एखाद्या शब्दाची मधली पायरी लक्झेंबर्गमध्ये हरवली असेल तर ती बऱ्याचदा नदीपलीकडच्या गावात टिकलेली असते.

शोधताना पहिली अडचण शुद्धलेखनाची येते. आजचं लेखन 1975 च्या नियमांवर उभं आहे आणि त्यात 1999 आणि 2019 मध्ये दुरुस्त्या झाल्या. 1847 आणि 1906 चे कोश त्याच्या कितीतरी आधीचे. त्यामुळे एलओडीतला शब्द जशाचा तसा चिकटवला तर अनेकदा ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस समजतो की शब्द जुन्या कोशात नाहीच. तसं मानू नये. पहिली तीन-चार अक्षरं टाकून वर्णानुक्रमाची यादी उघडावी आणि नजरेने शोधावं. ई वरची दोन टिंबं, ई वरची तिरकी रेघ आणि ए वरची दोन टिंबं ही खास फसवणारी अक्षरं. शब्दात ती असतील तर त्यांच्या आधीच्या अक्षरांपुरताच शोध घ्यावा.

दुसरी अडचण भाषेची. हे कोश जर्मनमध्ये लिहिलेले आहेत आणि संक्षेपांनी भरलेले. कामचलाऊ जर्मन पुरतं, पण काही संक्षेप पाठ हवेत. एएचडी म्हणजे प्राचीन उच्च जर्मन, साधारण 750 ते 1050. एमएचडी म्हणजे मध्ययुगीन उच्च जर्मन, 1050 ते 1350. एलएटी म्हणजे लॅटिन, एफआरझेड म्हणजे फ्रेंच. अर्थापुढे गावाचं किंवा भागाचं नाव असेल तर तो अर्थ तेवढ्याच भागापुरता आहे. देशभर चालणारा अर्थ म्हणून तो उचलू नये.

आता ग्रोम्परचा उगम. शब्द दोन तुकड्यांचा: जर्मन ‘ग्रुंड’ म्हणजे जमीन, तळ, आणि ‘बिर्ने’ म्हणजे पेअर हे फळ. जमिनीतला पेअर, ग्रुंडबिर्ने. लक्झेंबर्गीत पेअरला आजही ‘बिर’ म्हणतात आणि त्यात शेवटचा ‘न’ नाही. उलट जर्मन ‘बिर्ने’तला ‘न’ हा नंतर अनेकवचनी रूपातून मुळात घुसलेला आहे. प्राचीन जर्मन रूप ‘बिरा’ होतं, तेही लॅटिनमधून आलेलं. म्हणजे ग्रोम्परमध्ये ‘न’ का नाही हा प्रश्न उलटा विचारला पाहिजे: तो मुळात नव्हताच.

‘ग्रोंड-बिर’चं ग्रोम्पर कसं झालं हे मराठी वाचकाला समजायला सोपं आहे. पदाच्या शेवटी ‘ड’ कठोर होऊन ‘ट’, त्याच्या शेजारी ‘ब’चाही ‘प’. मधला ‘ट’ उच्चारात गळला आणि ‘न’ थेट ‘प’पुढे येऊन ‘म’ झाला, जसा आपल्याकडे परसवर्णाने ‘संपूर्ण’चा ‘सम्पूर्ण’ होतो. आघात पहिल्या पदावर असल्यामुळे दुसऱ्या पदाचा ‘इ’ झिजला आणि ‘पर’ एवढंच उरलं. या झिजेला भक्कम साक्षीदार आहे: ‘नोपर’, म्हणजे शेजारी. जर्मनमध्ये तो ‘नाखबार’. तिथेही दुसरं पद झिजून ‘पर’ झालं आहे. एक उदाहरण योगायोग असू शकतं. दोन नामांत तोच बदल दिसला की व्युत्पत्तीवर विश्वास ठेवायला आधार मिळतो. लक्झेंबर्गी शब्दाचं मूळ पडताळताना अशी जोडी शोधणं ही सर्वात खात्रीची पद्धत आहे.

फाल्झच्या बोलीत हाच शब्द ‘ग्रुमबेर’ असा टिकला, तिथे ‘ब’ मृदूच राहिला. त्या लेखनात ‘बेर’ दिसतं म्हणून तो ‘बेरी’ असावा असं अनेकांना वाटतं. कोश मात्र ग्रुंडबिर्नेकडेच नेतात. लक्झेंबर्गीत तर शंका घ्यायलाही फारशी जागा नाही, कारण स्ट्रॉबेरीला ‘एर्डबियर’ म्हणतात आणि तिथलं ‘बियर’ हे पेअरच्या ‘बिर’पेक्षा वेगळं लिहिलं जातं. बिअर या पेयाचं नाव आणखी तिसरं, ‘बेयर’. तीन शब्द, तीन स्वर. शोधपेटीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर फळाऐवजी पेय समोर येतं.

हाच शब्द पूर्वेकडेही पोचला. क्रोएशियन ‘क्रुम्पिर’, सर्बियन आणि स्लोव्हेनियन ‘क्रोम्पिर’, हंगेरियन ‘क्रुम्प्ली’ हे सगळे जर्मन बोलींतल्या ग्रुंडबिर्नेचेच वंशज. 18व्या शतकात ऱ्हाइन आणि मोझेलच्या परिसरातली माणसं हंगेरी आणि बानातच्या मुलखात मोठ्या संख्येने वसायला गेली होती. ग्रोम्परची ही भावंडं झाग्रेबच्या बाजारात ऐकू येतात, याचा आनंद भाषेवर प्रेम करणाऱ्या कुणालाही होईल.

काळाची एक कसोटी इथे फार उपयोगी पडते. बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात आला तो 16व्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे ग्रोम्पर हा अखंड शब्द प्राचीन किंवा मध्ययुगीन जर्मनमधून बटाट्याच्या अर्थाने ‘उतरला’ असूच शकत नाही. त्याचे दोन्ही तुकडे जुने आहेत, जोड नवीन. कुठल्याही संकेतस्थळावर या शब्दाला प्राचीन उच्च जर्मनमधलं अखंड रूप चिकटवलेलं दिसलं तर ते मनातून बाद करावं. जमिनीतल्या सफरचंदाची आणि पेअरची नावं टोपिनांबूर नावाच्या दुसऱ्या एका कंदालाही मिळाली होती, त्यामुळे जुन्या मजकुरात असं नाव दिसलं म्हणून तो बटाटाच, असंही धरू नये. फ्रेंच ‘पोम द तेर’ आणि डच ‘आर्डाप्पल’ या कल्पनेने जवळच्या, शब्दाने नव्हे. जर्मन ‘कार्टोफेल’ तर तिसऱ्याच वाटेने, इटालियनमधल्या ट्रफलच्या नावावरून आला.

आजच्या प्रमाण जर्मनला लक्झेंबर्गीची आई समजणं, ही सर्वात जास्त वेळा होणारी चूक. ‘प्रोम’ म्हणजे प्लम. जर्मन शब्द ‘प्फ्लाउमे’. जर्मनमधून लक्झेंबर्गी काढायला गेलात तर ‘प्फ’चा ‘प’ का झाला आणि ‘ल’चा ‘र’ का, याची ओढूनताणून कारणं शोधावी लागतील. लॅटिन ‘प्रूनुम’ समोर ठेवा, सगळं सरळ होतं. लक्झेंबर्गीने मूळचा ‘प’ आणि ‘र’ दोन्ही जपले, बदलली ती जर्मन. घोड्याला ‘पेयर्ट’ म्हणतात तिथेही ‘प’ तसाच, जर्मनमध्ये ‘प्फेर्ट’. ‘प’चा ‘प्फ’ करणारी व्यंजनबदलाची लाट दक्षिणेकडून आली आणि मोझेलपर्यंत अर्धवटच पोचली.

यामुळेच इंग्रजी विक्शनरी या लोकांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन कोशातल्या लक्झेंबर्गी नोंदी जपून वाचाव्यात. तिथे व्युत्पत्तीचा रकाना असतो ही मोठी सोय. पण साखळीत दिलेली मध्ययुगीन रूपं बहुतेक दक्षिणेकडच्या ग्रंथांवरून ठरवलेली प्रमाण रूपं असतात, मोझेलकाठची नव्हेत. त्यांना चुलत नातेवाईक मानावं. खुद्द या भागातला जुना मजकूर हवा असेल तर वियांडनच्या योलांडा या सरदारघराण्यातल्या जोगिणीचं चरित्रकाव्य आहे, 13व्या शतकाच्या अखेरचं; त्याचं हस्तलिखित 1999 साली आन्सेमबुर्गच्या किल्ल्यात सापडलं.

आजचे उच्चारभेद पाहायचे असतील तर लक्झेंबर्ग विद्यापीठाचा ‘श्नेसन’ हा 2018 मध्ये सुरू झालेला उपक्रम पाहावा. त्यात लोकांनी स्वतःच्या आवाजात शब्द आणि वाक्यं नोंदवली आहेत. जुन्या बोलीरूपांसाठी 1963 चा भाषिक नकाशासंग्रह. उगमासाठी दोन्ही दुय्यम.

वेळ कमी असेल तर क्रम असा ठेवावा: एलओडीत अर्थ, लिंग आणि उच्चार, पाच खंडी कोशात जुने आणि स्थानिक अर्थ, फाल्झ आणि ऱ्हाइनलँडच्या कोशात शेजारची रूपं, आणि शेवटी तोच ध्वनिबदल दाखवणारं दुसरं एखादं लक्झेंबर्गी नाम. 1906 चा कोश आणि गांगलर हे शब्द केव्हापासून नोंदलेला आहे एवढं ठरवायला उपयोगी. गांगलरची फ्रेंच भाषांतरं मात्र पाहून घ्यावीत, जर्मन कच्चं असलेल्याला ती हात देतात. एलओडीची माहिती कुणालाही मुक्तपणे वापरता येईल अशा परवान्याखाली सरकारी डेटा संकेतस्थळावर उतरवून घेता येते. तेव्हा लक्झेंबर्गी-मराठी शब्दसूची करायची कुणाच्या मनात असेल, तर नामं, लिंगं आणि अनेकवचनं हाताने टिपत बसायची गरज नाही.